धक्के खाऊन शहरं खरंच शहाणी होतात का?

वळचण

कुठल्याही शहरावर मोठं संकट येऊन गेलं की आठवड्याभरात ठरलेलं वाक्य छापून येतं: 'शहर पुन्हा उभं राहिलं.' मला या वाक्याचा हल्ली राग येतो. जिथे पडलं तिथेच, तसंच, पुढच्या वेळी पुन्हा पडायला उभं राहिलं असेल तर त्यात कौतुक कसलं?

काच आपटली की फुटते. रबर दाबलं की पुन्हा होतं तसं होतं. हाडाची गत निराळी, त्यावर नेमाने बेताचा भार पडला तर ते घट्ट होत जातं आणि महिनोन्‌महिने अंथरुणावर पडून राहिलं तर ठिसूळ होतं. शहर हाडासारखं करता येईल का, म्हणजे धक्का बसला की आधीपेक्षा बरं होणारं? इंग्रजीत याला अँटिफ्रॅजाइल म्हणतात. मराठीत सुटसुटीत शब्द सापडला नाही, तूर्त 'धक्क्याने शहाणं' म्हणू.

माझं आवडतं उदाहरण पोर्तुगालच्या लिस्बनचं. १ नोव्हेंबर १७५५, सकाळ, सणाचा दिवस, लोक चर्चमध्ये. आधी भूकंप, मग समुद्र आत आला, मग अनेक दिवस आग. राजाचा मंत्री पोंबाल याने दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे देशभरच्या पाद्र्यांना प्रश्नावली पाठवली. धरणी किती वेळ हलली? नंतर किती धक्के आले? समुद्र आधी चढला की आधी ओसरला? माणसं किती गेली? त्या काळी 'देवाचा कोप' म्हणून विषय मिटवणं सोपं होतं आणि हा गृहस्थ मोजमाप मागत होता. दुसरं म्हणजे नवी घरं बांधताना दगडी भिंतींच्या आत लाकडाचा तिरप्या पट्ट्यांचा पिंजरा घालायचा नियम आला. दगड ढासळला तरी पिंजरा मजला धरून ठेवील, ही कल्पना. नमुन्याचा सांगाडा चौकात उभा करून सैनिकांना त्याच्याभोवती पाय आपटत फिरवलं, असं सांगतात. तो पिंजरा असलेल्या इमारती लिस्बनच्या मध्यभागात अजून उभ्या आहेत.

आता उलटं उदाहरण. शिकागोची मोठी आग, ऑक्टोबर १८७१. सुमारे ३०० माणसं गेली, लाखभर बेघर झाली. आपण समजतो की शहराने लगेच लाकूड सोडून वीट धरली. तसं झालं नाही. नियम झाले ते पळवाटांसकट, आणि लाकडी घरं पुन्हा उभी राहिली. जुलै १८७४ला पुन्हा मोठी आग लागली. मग विमा कंपन्यांनी सांगितलं की नियम घट्ट करा, नाहीतर आम्ही चाललो. तेव्हा कुठे शहर हललं.

म्हणजे नुसत्या धक्क्याने काही होत नाही. धक्का आणि नियम यांच्यामध्ये काहीतरी लागतं. ते काय, यावर बोलू या. 'लोकांनीच सुधारायला हवं' छापाचे प्रतिसाद कृपया नकोत.

भिंगरी

हाडाचं पटलं. पण तुम्ही स्वतःच 'बेताचा' म्हणालात. भूकंप काही विचारून येत नाही, बेताने येऊ का म्हणून.

दुर्बीण

धागा चांगला आहे, म्हणूनच आधी थंड पाणी ओततो.

आपण जी शहरं वाचली त्यांच्याच गोष्टी सांगतो. जी संपली त्यांच्या वतीने धागा काढायला कोणी उरत नाही. १७७३च्या भूकंपानंतर ग्वाटेमालाची राजधानीच दुसरीकडे गेली. आणि वाचलेल्यांतही घोळ असतो. टेक्सासच्या किनाऱ्यावरचं गॅल्व्हस्टन घ्या. १९००च्या वादळात सुमारे ८,००० माणसं मेली. त्यानंतर त्यांनी जे केलं ते वाचून तोंडात बोट जातं: समुद्राला भिंत घातलीच, शिवाय अख्ख्या शहराची जमीन वर उचलली. म्हणजे घरांखाली स्क्रू जॅक लावायचे, घर इंच इंच वर घ्यायचं आणि खालच्या पोकळीत समुद्रातून उपसलेली वाळूमिश्रित चिखलमाती पाण्यासकट ओतायची. सुमारे ३,००० टनांचं एक चर्च ७०० जॅकवर पाच फूट वर घेतलं. लोक कित्येक वर्षं लाकडी फळ्यांच्या उंच वाटांवरून ये-जा करत होते. १९१५ला पुन्हा तसंच वादळ आलं तेव्हा शहरातली जीवितहानी आधीच्या मानाने फारच कमी होती.

झालं की नाही धक्क्याने शहाणं? झालं. पण तोवर बंदराचा धंदा आतल्या बाजूच्या ह्यूस्टनकडे वळला आणि परत आला नाही. शहर मजबूत झालं नि मागे पडलं. आता याला कुठल्या रकान्यात टाकणार?

वळचण

मी अजूनही 'शहाणं'च्या रकान्यात टाकेन. धंदा जाणं आणि माणसं जाणं एका तराजूत नको.

दुर्बीण

हे तुम्ही म्हणताय. बंदरावरचा हमाल तेच म्हणाला असता का?

साधा मिस्त्री

मी स्ट्रक्चरल डिझाइन करतो, वीस वर्षं झाली. भिंगरीताईंच्या शंकेला आमच्या धंद्यातलं उत्तर देतो.

भूकंप बेताचा येत नाही हे खरं. म्हणून आम्ही मोडायचं कुठे ते आधी ठरवतो. नियम साधा: बीम (आडवी तुळई) आधी वाकली पाहिजे, कॉलम (उभा खांब) नंतर. बीम वाकली, तडकली तर ती धक्क्याची ताकद खाऊन टाकते, मजला वाकडा होतो, पण डोक्यावर येत नाही. कॉलम गेला तर सगळं गेलं. म्हणजे इमारतीत मुद्दाम एक 'कमजोर' जागा ठेवायची, घरातल्या फ्यूजसारखी. फ्यूज उडाला की लोक इलेक्ट्रिशियनला शिव्या देतात, पण घर जळत नाही.

आता हे कागदावर. साइटवर काय होतं ते सांगतो. कॉलमच्या उभ्या सळयांना बाहेरून रिंगा बांधतात. रिंगेची दोन्ही टोकं १३५ अंशांत आत, काँक्रीटच्या गाभ्यात वळवायची असतात. फिटरला ९० अंशांत वळवणं सोपं पडतं, हात पटापट चालतो. भूकंपात कॉलमचं बाहेरचं कवच आधी गळून पडतं. ९० अंशांची टोकं तेव्हा उघडतात, रिंग सैल होते, सळया बाहेर फुगतात नि कॉलम बसतो. १३५ची टोकं गाभ्यातच अडकलेली राहतात. पंचेचाळीस अंशांचा फरक. काँक्रीट ओतल्यावर तो कोणालाही दिसत नाही.

म्हणून मला चिलीचं कौतुक वाटतं. तिथे इमारतीच्या ढाच्यात दोष निघाला तर पहिला विकणारा दहा वर्षं कायद्याने बांधलेला असतो. दर काही वर्षांनी जमीन हलणाऱ्या देशात दहा वर्षं म्हणजे परीक्षा होणारच. २७ फेब्रुवारी २०१० रोजी ८.८ तीव्रतेचा भूकंप झाला, माणसं गेली ५२५च्या आसपास, त्यातली बरीच त्सुनामीत. त्याच वर्षी जानेवारीत हैतीत ७.० तीव्रतेचा झाला, तिथला आकडा लाखाच्या पुढे. ऊर्जेच्या हिशेबात चिलीचा धक्का कित्येक शे पट मोठा होता. हैतीच्या माणसांत काही कमी नव्हतं. तिथे बांधणाऱ्याला जाब विचारणारं कोणी नव्हतं.

वळचण, धक्का आणि नियम यांच्यामध्ये काय लागतं म्हणालात ना? माझ्या मते जाब.

वळचण

वा! हा प्रतिसाद धाग्याच्या वर डकवायला हवा. शिकागोच्या विमा कंपन्या म्हणजे तोच जाब की, फक्त पैशाच्या भाषेतला.

अडगळ

विमा कंपन्यांचं कौतुक करण्याआधी शिकागोची उरलेली गोष्टही सांगा. आगीनंतर चार महिन्यांच्या आत, जानेवारी १८७२ला, शहरभर लाकडी घरांवर बंदी घालायचा प्रस्ताव आला तेव्हा कामगार मोर्चा घेऊन नगरपालिकेवर गेले. ते काही आगीचे भक्त नव्हते. विटेचं घर त्यांना परवडणार नव्हतं. बंदी आली तर स्वतःच्या प्लॉटवर घर बांधता येणार नाही, तो विकून बाहेर जावं लागेल, हे त्यांना दिसत होतं. तुम्ही ज्याला 'पळवाट' म्हणालात ती या लोकांची वाट होती.

एकूण शहर मजबूत होतं तेव्हा कोणाचं तरी हाड मोडलेलं असतं. तालमीत भार पेलतो तो आणि मजबूत होतो तो, दोघं एकच असतात. शहरात तसं नसतं.

तिठा

अडगळ यांच्या मुद्द्याकडे येतेच, पण आधी पाण्याबद्दल, कारण माझं काम नियोजनातलं आहे आणि 'बेताच्या धक्क्या'चा सगळ्यात चांगला धडा नदी देते.

नदीला तटबंध घातला की दरवर्षीचे लहान पूर बंद होतात. लोकांना वाटतं पूर संपला. मग तटबंधाच्या आत घरं येतात, शाळा येतात, जमिनीचा भाव चढतो. लहान पूर येत होते तोवर लोक जोतं उंच ठेवत, सामान माळ्यावर टाकत, नदी कुठवर येते हे पोरासोरांना ठाऊक असे. ती सगळी सवय एका पिढीत जाते. आणि मग तटबंधाच्या अंदाजाबाहेरचं पाणी येतं. न्यू ऑर्लिन्समध्ये १९६५च्या बेट्सी वादळानंतर बंधारे वाढवले, त्यांच्या भरवशावर पूर्वेकडच्या सखल भागात नव्या वसाहती झाल्या. २००५ला कट्रिनाने बंधारे पन्नासहून जास्त ठिकाणी फुटले आणि ८० टक्के शहर पाण्याखाली गेलं. लहान धक्के आपण टाळत नाही हो, साठवतो.

डच लोकांनी हे फार आधी ओळखलं असं म्हणतात, तेही अर्धंच खरं. १९५३च्या समुद्री पुरात त्यांची १,८३६ माणसं गेली आणि त्यानंतर पुढची कित्येक वर्षं त्यांनी भिंतीच घातल्या, जगात नाहीत अशा. १९९३ आणि १९९५ला नद्या फुगल्या. १९९५ला अडीच लाख लोक हलवावे लागले, पण तटबंध टिकले. माझ्या मते खरा शहाणपणा इथला आहे: फुटलं काहीच नव्हतं तरी त्यांनी विचार बदलला. 'नदीला जागा' नावाचा कार्यक्रम आला. नायमेखनमध्ये वाल नदी एका चिंचोळ्या वळणात अडायची. तिथे पलीकडचा बांध साडेतीनशे मीटर मागे नेला आणि नदीला दुसरा फाटा खणून दिला. पुराची पातळी साधारण ३५ सेंटिमीटरने उतरते. एरवी तिथे लोक पोहतात, होड्या चालवतात.

३५ सेंटिमीटर म्हणजे जेमतेम दीड वीत. एवढ्यासाठी अख्खा बांध हलवला!

भिंगरी

आणि त्या साडेतीनशे मीटरमध्ये राहणारी माणसं?

तिठा

पन्नासेक घरं पाडावी लागली. लोकांनी विरोध केला, पर्यायी आराखडे मांडले, वर्षानुवर्षं बैठका झाल्या. मोबदला मिळाला. सगळे खूश झाले असं म्हणणार नाही.

अडगळ

डचांनी निदान पुराच्या आधी बोलणी केली. न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये २०१०-११च्या भूकंपांनंतर सरकारने सुमारे ८,००० मालमत्तांचा पट्टा 'रेड झोन' ठरवला, जमीन इतकी पिचली होती की तिथे पुन्हा बांधणं शहाणपणाचं नव्हतं. निर्णय बरोबरच होता. पण विमा नसलेल्यांना आणि मोकळे प्लॉट असलेल्यांना जमिनीच्या सरकारी मूल्याच्या निम्मीच रक्कम देऊ केली. ते लोक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०१५ला निकाल त्यांच्या बाजूने लागला. चार वर्षं! शहराच्या खात्यात हा धडा जमा झाला, त्यांच्या खात्यात वकिलाची बिलं.

दुर्बीण

अडगळ, पूर्ण सहमत. आणि हे मी वर्षातून एकदाच कोणाला म्हणतो.

कोरा कागद

वाचतोय. लिहिण्यासारखं काही नाही, पण खुर्चीवरून उठवत नाही.

रात्रपाळी

मी मोठ्या दवाखान्यांच्या विजेच्या देखभालीचं काम करतो. नियोजन वगैरे मोठ्या गोष्टी कळत नाहीत, तळघर कळतं.

एका ठिकाणी (नाव नको) पावसाळ्याआधी तळघरातलं पाणी उपसायला दोन नवे पंप बसवले. झकास पंप. एका रात्री पाणी शिरलं, पंप सुरू झाले, मी निर्धास्त. वीस मिनिटांत दोन्ही बंद. टॉर्च घेऊन खाली गेलो तर पंपांचं पॅनेल त्याच तळघरात, गुडघ्याएवढ्या उंचीवर! पाणी उपसायच्या यंत्राला चालायसाठी कोरडं तळघर लागत होतं. बसवताना मी स्वतः तिथे हजर होतो, मलाही सुचलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पॅनेल जिन्याच्या पहिल्या वळणावर नेलं. खर्च म्हणाल तर केबलचा.

याचंच मोठं रूप ह्यूस्टनच्या टेक्सास मेडिकल सेंटरचं. जून २००१ला अ‍ॅलिसन वादळाच्या पावसात तळघरं भरली, वीज गेली, रुग्ण हलवावे लागले, प्रयोगशाळांतलं वर्षानुवर्षांचं संशोधन बुडालं. त्यानंतर त्यांनी विजेची यंत्रणा वर नेली, भुयारी वाटांना पाणबुडीला असतात तसले जाड दरवाजे बसवले. २०१७ला हार्वी आलं, अ‍ॅलिसनपेक्षा कितीतरी जास्त पाऊस, आणि बहुतेक रुग्णालयं चालू राहिली. धाग्याच्या प्रश्नाला माझं उत्तर 'हो, होतात'.

दुर्बीण

तुमचं उदाहरण पक्कं आहे, पण त्यात एक गंमत पाहा. दरवाजे लावले ते मेडिकल सेंटरने, कारण बुडालं तेच होतं. बाकी ह्यूस्टन हार्वीत बुडालंच. शहाणपण ज्या आवारात शिकलं तिथेच राहतं, कुंपण ओलांडत नाही.

तिठा

आणि विषयही ओलांडत नाही. सुरतेचं घ्या. सप्टेंबर १९९४ला प्लेगची साथ, लाखो लोक शहर सोडून गेले. पुढच्या वर्षी एस. आर. राव आयुक्त म्हणून आले. त्यांनी अधिकार विभागांकडे वाटून दिले आणि अधिकाऱ्यांना रोज सकाळी रस्त्यावर उतरवलं, दुपारी बैठक. 'एसीतून डीसीत' म्हणायचे त्याला, म्हणजे वातानुकूलित खोलीतून रोजच्या कामात ('डेली चोअर्स'). दोनेक वर्षांत देशातल्या घाणेरड्या शहरांतलं ते स्वच्छ शहरांत मोजलं जाऊ लागलं. पण २००६ला तापीच्या पुरात तेच शहर बुडालं. प्लेगने कचरा शिकवला, नदी शिकवली नाही. पुराच्या पूर्वसूचनेचं काम जोरात सुरू झालं ते त्यानंतर.

वळचण

म्हणजे प्रत्येक विषयासाठी वेगळी फी भरायची?

साधा मिस्त्री

बहुतेक. एकाच शाळेत दोन विषय शिकलेलं एक उदाहरण आहे, चिलीचंच. २०१०ला इमारती पास झाल्या आणि इशारा देणारी यंत्रणा नापास. त्सुनामीचा धोका नाही असं सांगितलं गेलं आणि लाटा आल्या. त्यावर चौकश्या झाल्या, खटले झाले, यंत्रणा बदलली. सप्टेंबर २०१५ला ८.३चा धक्का बसला तेव्हा किनाऱ्यावरचे सुमारे दहा लाख लोक हलवले गेले, मृत्यू पंधराच्या आसपास.

आणि जाता जाता मेक्सिको सिटी. १९ सप्टेंबर १९८५च्या भूकंपानंतर तिथे नियम बदलले आणि दर १९ सप्टेंबरला शहरभर कवायत सुरू झाली. २०१७ला सकाळी अकराला कवायत झाली आणि दुपारी सव्वाच्या सुमारास खरा भूकंप आला. त्याच तारखेला! कथेत लिहिलं असतं तर संपादकाने कापलं असतं. पडल्या त्या मुख्यतः जुन्या नियमांच्या इमारती. नवा नियम जुन्या इमारतीत आपोआप शिरत नाही, हे आमचं कायमचं दुखणं.

भिंगरी

मला एक कळत नाही. मोकळ्या जागा, मैदानं, बागा सोडल्या की संकटात लोकांना आसरा मिळतो असं सगळे म्हणतात. मग नियोजनाचं अर्धं काम तेवढंच नाही का? जागा सोडा.

तिठा

मीही असंच समजायचे, टोकियोचं वाचेपर्यंत.

१ सप्टेंबर १९२३, दुपारचे बाराला दोन मिनिटं कमी. घराघरांत चुली पेटलेल्या. भूकंपापाठोपाठ आगी. होंजो भागात लष्कराच्या कपड्यांच्या कोठाराची मोठी मोकळी जागा होती, लोक तिकडे धावले. येताना हातगाड्यांवर गाद्या, कपाटं, बोचकी घेऊन आले. मैदान माणसांनी आणि सामानाने खच्चून भरलं. मग आगीचं वावटळ आलं आणि ते सामानच पेटलं. त्या एका मैदानात सुमारे ३८,००० माणसं गेली.

नुसती मोकळी जागा सापळा झाली. नंतरच्या पुनर्रचनेत प्राथमिक शाळांना लागून ५२ लहान बागा केल्या. बाग आणि शाळेचं पटांगण मिळून एक जागा, भोवती झाडं, शाळेची इमारत काँक्रीटची. रोजच्या वापरात मुलं खेळतात, त्यामुळे जागा ओळखीची राहते आणि कोणी गिळत नाही. मूळ आराखडा याहून कितीतरी मोठा होता, तेव्हाचे गृहमंत्री गोतो शिंपेई यांचा, पण पैसे कापत कापत छोटा झाला. तरी या ५२ बागा मला त्या मोठ्या आराखड्याहून जास्त आवडतात.

दुर्बीण

मग जपानमधल्याच कामाइशीची पोरं आठवलीच पाहिजेत. तिथे खाडीच्या तोंडाशी ६३ मीटर खोल पाण्यात लाटरोधक बांध होता, २००९ला पूर्ण झालेला. मार्च २०११च्या त्सुनामीने तो मोडला. उनोसुमाई भागातली माध्यमिक शाळा धोक्याच्या नकाशावर सुरक्षित पट्ट्यात होती. पण मुलांना आधी काही वर्षं एक शिकवण दिली होती: नकाशावर विश्वास ठेवू नका. धक्का थांबताच मुलं पळाली, शेजारच्या प्राथमिक शाळेची लहान मुलं त्यांच्यामागे निघाली. ठरलेल्या जागी पोचल्यावर मागचा कडा ढासळताना दिसला म्हणून आणखी वर गेली, तिथूनही वर. शाळा बुडाल्या. शाळेत हजर असलेली मुलं वाचली.

नकाशा काढणाऱ्यानेच शिकवायला हवं की याच्यावर विसंबू नका. तिठाबाई, तुमच्या खात्यात कोणी हे म्हणेल?

तिठा

माझ्या खात्यात आराखड्याला 'अंतिम' असा शिक्का असतो. वीस वर्षांनी किती लोक असतील, किती पाणी लागेल, रस्ता किती रुंद, सगळे आकडे एकेरी. 'इतके ते इतके' असं लिहिलं तर फाइल परत येते, 'निश्चित करून सादर करावे'.

दुसरी रीत आहे. लंडनने थेम्सच्या मुखासाठी २१००पर्यंतची योजना केली, २०१२ची. तिच्यात 'अमुक साली अमुक भिंत बांधू' असं नाही. समुद्राची पातळी अशी चढली तर ही वाट, जास्त वेगाने चढली तर ती वाट, आणि वाट बदलायचा निर्णय कधीपर्यंत घ्यावाच लागेल ते आधी ठरवलेलं. खुणा मोजत राहायच्या, ठरावीक वर्षांनी योजना उघडून पाहायची. आत्ता बांधायचं कमी, पण पुढे बांधता येईल अशी जमीन मात्र आजच राखून ठेवायची. हे शेवटचं सगळ्यात अवघड. रिकामी जमीन पाहिली की प्रत्येकाला काहीतरी सुचतं.

अडगळ

तिठा, ही रीत मला पटते, कारण तिच्यात चुकायला जागा आहे. पण 'वाट बदलू' म्हणताना त्या राखून ठेवलेल्या जमिनीवर तोवर कोण राहतंय ते बघा. शहरात रिकामी जमीन रिकामी नसतेच, तिथे ज्यांना दुसरीकडे जागा नाही ते राहतात.

तिठा

याला माझ्याकडे उत्तर नाही. रोज टेबलावर तीच फाइल असते.

साधा मिस्त्री

धक्क्याने नुसतं बळच मिळतं असं नाही, कधीकधी अडलेलं कामही सुटतं, हे सांगायचं राहिलं. सॅन फ्रान्सिस्कोत समुद्रकाठावरून दुमजली महामार्ग जायचा, शहर आणि पाणी यांच्यामध्ये भिंतच. १९८६ला तो पाडायचा प्रस्ताव मतदारांनी फेटाळला. १९८९च्या भूकंपात तो खिळखिळा झाला, १९९१ला पाडला आणि किनारा मोकळा झाला. मात्र चायनाटाउनचे दुकानदार पाडायच्या विरोधात होते, त्यांची गिऱ्हाइकं त्याच रस्त्याने यायची. (अडगळ यांनी विचारायच्या आत सांगून टाकलं.)

त्याच शहरात काही चौकांत डांबरात विटांचं मोठं वर्तुळ दिसतं. खाली पाण्याची टाकी असते. १९०६च्या भूकंपात नळ फुटले आणि आग विझवायला पाणीच उरलं नाही, म्हणून आग विझवण्याची वेगळी पाणीव्यवस्था उभी केली, तिचाच हा भाग. १९८९ला मरीना भागात पुन्हा आग लागली, ही खास व्यवस्थाही तिथे निकामी ठरली, आणि कामी आली ती फिनिक्स नावाची जुनी अग्निशमन बोट. खाडीचं पाणी पंपाने खेचून सुट्या होजांतून आगीपर्यंत नेलं. एका व्यवस्थेवर दुसरी, दुसरीवर तिसरी. हिशेबनिसाच्या दृष्टीने तिन्हीपैकी दोन उधळपट्टी.

वळचण

धागा काढताना माझ्या डोक्यात लिस्बनचा पिंजरा होता, म्हणजे 'चांगला नियम'. आता वाटतं पिंजऱ्यापेक्षा ती प्रश्नावली मोठी. काय मोडलं, किती, कुठे, कोणाचं, हे विचारून लिहून ठेवणं. अडगळ यांचा 'कोणाचं' हा रकाना पोंबालच्या प्रश्नावलीत मृतांच्या आकड्यापुरताच होता.

भिंगरी यांच्या पहिल्या प्रश्नाला मात्र अजून सरळ उत्तर आलेलं नाही. मोठा धक्का विचारून येत नाही, तर लहान धक्के आपणच मुद्दाम द्यायचे का? शहराला असं करता येतं?

रात्रपाळी

शहराचं माहीत नाही. आम्ही दर महिन्याला मेनची वीज मुद्दाम घालवतो आणि खरा लोड जनरेटरवर टाकतो. आधी नुसता इंजिन चालू करून बघायचो, आवाज आला की वहीत 'ठीक' लिहायचो.

भिंगरी

तक्रारी येत नाहीत?

रात्रपाळी

येतात की. लिफ्ट दहा सेकंद थांबते, बाह्यरुग्ण विभागातून फोन येतो, 'आज कशाला?' म्हणून. आयसीयूला यूपीएस आहे, त्यांना आधी सांगून ठेवतो.

वळचण

आणि पहिल्यांदा केलंत तेव्हा काय झालं?

रात्रपाळी

अर्धा तास चालायला हवा होता. अकराव्या मिनिटाला बंद पडला. डिझेलचा फिल्टर चोंदला होता, टाकीच्या तळाला गाळ. वहीत मागची तीन वर्षं 'ठीक', सगळ्या सह्या माझ्याच.